दोर कोणाच्या हाती?

घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे, अशी आपल्याकडे चाल आहे. चहा-फराळ मागाहून, पहिल्याने पुढे येते ते तांब्याभांडे. सणासुदीच्या दिवसांत तर ही चाल इतक्या वेळा पाळली जाते, की तिच्यात काही अर्थ आहे हेही आपण विसरून जातो. पण तिच्यात एक मोठा सामाजिक करार दडलेला आहे. ज्याला आपण आपल्या भांड्यातून पाणी देतो आणि ज्याच्या हातचे पाणी आपण पितो, तो आपला, बाकीचे परके. जातींच्या उतरंडीचे नियम धर्मग्रंथांनी सांगितले खरे. पण खेड्यातल्या सामान्य माणसाने ते ग्रंथ कधी उघडले नव्हते. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, एवढेच त्याला लहानपणापासून पक्के ठाऊक होते. या देशात जातिभेद पोथीतून शिकवला गेला त्याहून कितीतरी अधिक तो पाणवठ्यावर शिकवला गेला.

तेव्हा जात, धर्मश्रद्धा आणि समाजसुधारणा हे विषय ज्या भारतीय लेखकांनी कथाकादंबऱ्यांतून हाताळले, त्यांच्या लेखनात पाण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा यावा, यात नवल नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. एकाच विहिरीचे हे प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, की प्रत्येक लेखक विहिरीच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे त्याच्या नकळत उघड होते. या लेखात मला तेवढेच पाहावयाचे आहे. प्रत्येक ठिकाणी मी एकच साधा प्रश्न विचारणार आहे: पोहऱ्याचा दोर कोणाच्या हातात आहे?

या प्रश्नासाठी लागणारे माप आपल्याच महाराष्ट्राने घालून दिले आहे. एकनाथमहाराजांनी काशीहून रामेश्वराला न्यावयाचे कावडीतले गंगाजल वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती करुणेची कथा आहे आणि तिची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण तीत दोर देणाऱ्याच्या हातात आहे, आणि घेणाऱ्याला वाचा नाही. त्यानंतर काही शतकांनी, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. येथे देणारा नुसता दया करीत नाही. स्वतःचे घर, स्वतःचे जातभाई आणि स्वतःची प्रतिष्ठा तो पणाला लावतो. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह गेले आणि त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. ते तळे नगरपालिकेने ठरावाने आधीच सर्वांना खुले केले होते. पण ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. त्या दोहोंमधले अंतर माणसांना चालून जावे लागले. पुढे गोमूत्र-शेण घालून ते पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले, खटला झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

देणे, खुले करणे आणि घेणे, या तीन पायऱ्या आहेत. आपल्या ललित वाङ्मयाने त्या कशा चढल्या, हे आता पाहू.

आरंभ रवींद्रनाथांच्या ‘गोरा’पासून करावयास हवा. १९१० साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी म्हणजे भारतीय मनातील धर्म आणि देश यांच्या ओढाताणीचे महाभारत आहे. तिचा नायक गोरा हा कडवा हिंदू आहे. आई आनंदमयी हिच्या खोलीत तो जेवत नाही, कारण तिथे लछमिया नावाची ख्रिस्ती दासी वावरते. ज्या लछमियेने त्याला लहानपणी सांभाळले, देवीच्या आजारातून वाचवले, तिच्याच हातचे पाणी त्याला विटाळ वाटते. पुढे खेड्यांतून हिंडताना त्याला खरा देश भेटतो. एका गावात नीळवाल्यांच्या जुलमाने मुसलमान शेतकरी देशोधडीला लागलेले असतात. त्यांतल्या एकाच्या पोरक्या मुलाला तिथल्या न्हाव्याने आसरा दिलेला असतो. मुसलमानाचे पोर घरात घेतले म्हणून त्या न्हाव्याकडचे पाणी धर्माला चालत नाही. आणि जो ब्राह्मण या जुलमात भागीदार, त्याच्या घरचे अन्न मात्र चालते! भर उन्हात, तहानेने घसा कोरडा पडला असताना, गोऱ्याला या हिशेबातली विसंगती कळते आणि तो ब्राह्मणाचे घर सोडून न्हाव्याकडे परत जातो. मला हा प्रसंग साऱ्या कादंबरीत सर्वांत मोलाचा वाटतो. येथे धर्माचा विचार वादातून सुटत नाही; तहानेतून सुटतो.

शेवटी आपण जन्माने हिंदूच नाही, १८५७ च्या बंडात आश्रयाला आलेल्या एका आयरिश बाईचे मूल आहोत, हे गोऱ्याला कळते. साऱ्या जातींची दारे एकाच वेळी बंद झाली आणि त्यामुळेच सारा भारत आपला झाला, असे त्याला वाटते. तो आईपाशी येतो आणि लछमियेच्या हातचे पाणी मागतो. भारतीय कादंबरीतला हा अत्यंत उदात्त शेवट आहे. परंतु माझा प्रश्न येथेही उभा राहतो. गोऱ्याची सुटका झाली ती त्याला मुळात जातच नव्हती म्हणून. जो खरोखरच ब्राह्मणाच्या पोटी जन्मला आहे, त्याच्यासाठी रवींद्रनाथांनी हे दार उघडलेले नाही. आणि पाणी घेऊन येणाऱ्या लछमियेचे काय? इतकी वर्षे ज्या घरात तिच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्याच घरात तिला आज पाणी मागितले गेले, तेव्हा तिला काय वाटले असेल? कादंबरी तिला बोलू देत नाही. तांब्या तिच्या हातात असला, तरी प्रसंग गोऱ्याचा आहे.

ही उणीव स्वतः रवींद्रनाथांना जाणवली असावी, असे मला त्यांच्या १९३३ मधील ‘चंडालिका’ या नाटिकेवरून वाटते. तीत बौद्ध भिक्षू आनंद विहिरीपाशी येऊन प्रकृती नावाच्या चांडाळकन्येकडे पाणी मागतो. आता घागर तिची, विहिरीचा काठ तिचा, आणि बोलणेही तिचे. पाणी मागितले जाताच तिला प्रथमच आपण माणूस आहोत असा साक्षात्कार होतो, आणि तो इतका प्रखर असतो, की त्या भिक्षूवाचून तिला राहवत नाही. सुधारणेचे एक पाऊल टाकून सज्जन माणूस पुढे निघून जातो. मागे राहिलेल्या माणसाच्या मनात केवढे वादळ उठते, हे दाखविणारी ही कृती आहे. लछमिया जे बोलली नाही, ते जणू तेवीस वर्षांनी प्रकृती बोलली.

प्रेमचंदांच्या १९३२ मधील ‘ठाकुर का कुआँ’ या कथेत कोणी भिक्षू नाही आणि कोणी गोराही नाही. दोन-तीन पानांची ती गोष्ट. जोखू आजारी आहे. घरातल्या पाण्याला घाण येते, कारण त्यांच्या विहिरीत कुठलेसे जनावर पडून मेले असावे. त्याची बायको गंगी रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाते. काठाआड लपून ती आपल्या मनाशी हिशेब मांडते: चोरी हे करतात, जुगार यांच्या घरी, खोटे खटले यांचे, मग हे उंच कसे आणि आम्ही नीच कसे? तेवढ्यात दोन बायका पाणी भरावयास येतात. आपले पुरुष आपल्याला बटकीसारखे राबवतात, अशी त्यांची आपसातली कुरकुर चालते. गंगी ते ऐकते. त्यांची गुलामी आणि तिची गुलामी यांत एका दोराचे अंतर आहे, पण तेवढे अंतर पुरते. कारण त्याच बायकांना ती दिसली असती तर त्यांनीच आरडाओरडा केला असता. अखेर गंगी पोहरा सोडते, घागर काठाशी येते, आणि ठाकुराचे दार उघडते. दोर हातातून सुटतो. ती पळत घरी येते, तर जोखू तेच घाणेरडे पाणी तोंडाला लावून पीत असतो.

या कथेतले एक वाक्य वाचक सहसा ओलांडून जातात. घाण पाणी उकळले तर त्याचा दोष जातो, हे गंगीला ठाऊक नव्हते, असे प्रेमचंद सहज सांगून टाकतात. अस्पृश्यतेने तिच्यापासून विहीरच तेवढी हिरावलेली नाही. विहिरीवाचून जगण्याची विद्याही हिरावली आहे, हे या एका वाक्यात आले. गंगीच्या हातात क्षणभर का होईना दोर आला, हे प्रेमचंदांचे मोठे धाडस. तो तिच्या हातून सुटतो, हे त्यांचे सत्य. तिला घागर भरून घरी पोहोचविणारा एखादा सज्जन ठाकूर त्यांनी निर्माण केला नाही, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. बखा या भंगीकाम करणाऱ्या तरुणाचा एक दिवस, एवढीच तिची व्याप्ती. त्याची बहीण सोहिनी विहिरीवर जाते. विहिरीच्या चौथऱ्यावर चढण्याची तिला बंदी. कोणी सवर्ण येऊन आपल्या घागरीत पाणी ओतील, म्हणून ती इतरांसोबत खाली ताटकळत बसते. शेवटी पंडित कालीनाथ पाणी शेंदावयास तयार होतो. कशासाठी? तर त्याला बद्धकोष्ठाचा विकार आहे आणि पाणी ओढल्याने थोडा व्यायाम होईल, असे त्याला वाटते! परोपकाराच्या पोटात काय काय असू शकते, याचे इतके बोचरे चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. आणि ही कृपा तेवढ्यावरही थांबत नाही. पंडित सोहिनीला देवळाच्या आवारात बोलावून तिच्यावर हात टाकतो, आणि ती प्रतिकार करते तेव्हा विटाळ झाला म्हणून स्वतःच ओरडतो. ज्याचा स्पर्श बाटवतो, त्याच शरीराची अभिलाषा बाटवत नाही.

असे असूनही या कादंबरीचा शेवट मला उणा वाटतो. बखापुढे एकामागून एक तीन उपाय येतात: पाद्र्याचा ख्रिस्त, गांधीजींचे भाषण, आणि मैला वाहून नेणारे यंत्र. बखा तिन्ही ऐकतो. पहिला त्याला कळत नाही, दुसरा त्याला हलवतो, तिसऱ्याची त्याला आशा वाटते. पण तिन्ही वेळा तो ऐकणाराच राहतो. विहिरीवर सोहिनी ज्याप्रमाणे पाण्यासाठी थांबली होती, त्याप्रमाणे बखा उपायासाठी थांबला आहे. लेखकाचे अंतःकरण त्याच्या बाजूने आहे. दोर मात्र अद्याप दुसऱ्याच कोणाच्या हाती आहे.

येथे कोणी रसिक मला थांबवून विचारील, की वाङ्मयाला असले माप लावणे न्याय्य आहे काय? कादंबरी म्हणजे सत्याग्रह नव्हे. कलावंताने अनुभव द्यावा, समाजाचा निकाल लावू नये. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद मला पुन्हा उकरावयाचा नाही. माझे म्हणणे कलेच्याच हद्दीतले आहे. प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचा, हा कथालेखकाचा पहिला निर्णय असतो. आणि कोणती वाक्ये त्याला लिहिता येतील, हे त्या निर्णयाने ठरते. काठावरून पाहणाऱ्याला खाली बसलेल्या माणसाचा दीनवाणा चेहरा दिसतो. खाली बसलेल्याला काठावरच्यांचे पाय दिसतात, त्यांच्या घागरी दिसतात, त्यांचे आपसातले कुजबुजणे ऐकू येते. पहिल्यातून करुणा निर्माण होते, दुसऱ्यातून ज्ञान. गंगीची गोष्ट ‘गोरा’च्या मानाने इवलीशी असूनही मनात रुतून बसते, ती या ज्ञानामुळे.

श्रद्धेच्या बाबतीतही हेच दिसते. सुधारणावादी कादंबरीत देव बहुधा सवर्णांचा असतो. अस्पृश्याला त्या देवाच्या दाराशी उभे केलेले असते. शिवराम कारंतांच्या ‘चोमन दुडी’ या १९३३ मधील कन्नड कादंबरीने हा समज मोडला. चोमाला देवळात जावयाचे नाही. त्याला स्वतःची जमीन कसावयाची आहे, आणि त्याच्या जातीला ती मुभा नाही. मिशनऱ्यांकडे गेले तर जमीन मिळेल, हे त्याला माहीत आहे. तो तिकडे निघतोही. पण त्याचे स्वतःचे दैवत त्याला अडवते आणि तो मागे फिरतो. ज्या समाजाने त्याला काही दिले नाही, त्या समाजाच्या शास्त्रांवर त्याची भक्ती नाही. त्याची भक्ती त्याच्या कुळाच्या भुतावर, त्याच्या ढोलावर आहे. त्याचा धाकटा मुलगा पाण्यात बुडतो, तेव्हा काठावर माणसे असतात, पण शिवायचे कसे, म्हणून त्याला कोणी वर काढीत नाही. ज्या पाण्याला हे पोर कोरडे असताना बाटवीत होते, त्याच पाण्यात ते बुडून मेले. चोमाची श्रद्धा अडाणी आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याच्याजवळ विकता येण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती, आणि त्याने ती विकली नाही. बी. व्ही. कारंत यांनी १९७५ साली यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले.

आता घरच्या वाङ्मयाकडे वळतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ सालची. मराठी घरांत तिची पारायणे झाली आहेत. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तर ती ज्यांनी वाचली नव्हती त्यांच्याही डोळ्यांत पाणी आणले. तीत एक म्हातारी महारीण रस्त्यात पडलेल्या मोळीपाशी असहाय उभी आहे. तिला हात लावावयास कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते, की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या आंघोळीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आजचा एखादा सुधारक संपादक ती आंघोळ गाळून टाकील, आणि आईला निष्कलंक करून सोडील. गुरुजींनी ती गाळली नाही. दया आणि रूढी एकाच अंतःकरणात, एकाच वाक्यात शेजारी राहू शकतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे ठेवून दिले. घरातल्या मुलाने विचारले, की आई इतकी चांगली होती तर आंघोळ कशाला, तर हा प्रश्न टाळू नये. तोच त्या प्रकरणाचा खरा धडा आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर गुरुजींनी पुस्तकात दिले नसले, तरी आयुष्यात दिले: पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. त्या आईच्या मुलाने आंघोळीचा हिशेब असा पुरा केला.

मोळी उचलणाऱ्याकडून आपण मोळी वाहणाऱ्याकडे येतो, ते बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ मधील संग्रहात. शीर्षककथेचा नायक नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो आणि आपली जात लपवतो. जात लपवली, की पाणी मिळते, खोली मिळते, मान मिळतो, मैत्रीही मिळते. सारे काही मिळते. आपले नाव सोडून. याच्या उलट काशीनाथ. तो आपली जात कपाळावर मिरवतो आणि रोज भांडण अंगावर घेतो. शेवटी चोरी उघड होते, नायकाला मार बसतो, आणि त्याला सोडवावयास धावून येतो तो काशीनाथच. गंगीच्या वेळी पाणी मिळत नव्हते. येथे पाणी मिळते, पण प्रत्येक घोटाबरोबर भय गिळावे लागते. जातीचा जाच नुसत्या विहिरीवर संपत नाही, शहरात, कारखान्यात, मित्राच्या घरी तो आपल्या मागे येतो, हे बागुलांनी दाखविले. ‘चोरली’ हे क्रियापद तर पाहा. स्वतःचीच वस्तू माणसाला चोरावी लागते!

बागुलांनंतर दलित आत्मकथनांचा ओघ सुरू झाला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि मराठी मध्यमवर्गाला आपल्याच गावाची दुसरी बाजू प्रथम दिसली. पण या साऱ्यांच्या आधी, १९३५-३६ च्या सुमारास, बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, जवळ शिदोरी भरपूर, गाडीभाडे दुप्पट देण्याची तयारी. पण रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही आणि पाण्यावाचून ती शिदोरी तशीच राहिली. एकही अलंकार नसलेल्या त्या पानांपुढे मला पुष्कळ कादंबऱ्या फिक्या वाटतात. त्या मुलाने पुढे सव्वीस वर्षांनी चवदार तळ्यात ओंजळ बुडवली, आणि आणखी तेवीस वर्षांनी, १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेत विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांवर कोणालाही मज्जाव करता येणार नाही असा स्पष्ट उल्लेख आला. हे कथानक कोणा कादंबरीकाराने रचले असते, तर समीक्षकांनी ते अतिरंजित ठरवले असते.

हिंदीतही गंगीच्या विहिरीला उत्तर मिळाले. ओमप्रकाश वाल्मीकींनी ‘ठाकुर का कुआँ’ याच नावाची कविता १९८१ साली लिहिली; आणि २०२३ साली ती राज्यसभेत वाचली गेली, तेव्हा देशभर वादंग उठले. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका लहानशा गोष्टीचे मथळ्याचे तीन शब्द अजून माणसांना अस्वस्थ करू शकतात, यावरून त्या विहिरीचे पाणी अजून आटलेले नाही, हे ध्यानात यावे. खेड्यापाड्यांत नळ आले. पण नळ आला म्हणून वेगळा ठेवलेला कप कपाटातून आपोआप निघत नाही.

मग करुणेचे वाङ्मय टाकून द्यावे काय? मला तसे मुळीच वाटत नाही. ‘गोरा’ नसता, तर सवर्ण मनाला स्वतःची लाज वाटावयास शिकवले कोणी असते? श्यामच्या आईवाचून कित्येक घरांत पहिली मोळीही उचलली गेली नसती. परंतु करुणा ही पहिली पायरी आहे आणि पहिल्या पायरीवर बसून राहणे म्हणजे चढणे नव्हे. ज्या घराच्या कपाटात ‘श्यामची आई’ आहे, त्या घरात बागुलांचा संग्रह आणि ‘बलुतं’ही असावे, आणि तीनही पुस्तके घरातल्या मोठ्यांनी मुलांसोबत वाचावीत. पहिले वाचून मूल रडेल, दुसरी दोन वाचून ते प्रश्न विचारील. रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे सोपे असते. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खरे उत्तर देणे अवघड. आणि आपल्या वाङ्मयाची, तशीच आपल्या सुधारणेचीही, खरी परीक्षा त्या उत्तरातच आहे.